दोरीवरचे हातबॉम्ब

"ते हातबॉम्ब नाहीत," वेनिंग म्हणाली. "ते क्रुपुक आहेत. पापड."

वर्गात खसखस पिकली. पडद्यावर करांगदुवेत गावच्या पंचायतीतला फोटो मोठा करून लावला होता. भाले रोखून उभे असलेले गावकरी, त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला डच गणवेशातला एक माणूस, आणि मागे दोरीला टांगलेलं गोल गोल काहीतरी. खाली लिहिलं होतं, 'मार्च १९४९. शत्रूचा कुत्रा सापडला.' दोरीवरचे ते गोळे स्वातंत्र्याच्या लढाईत डचांकडून हिसकावलेले हातबॉम्ब आहेत, असं सगळं गाव छातीठोकपणे सांगायचं.

गुडघे टेकलेला माणूस म्हणजे वेनिंगचे आजोबा, सार्किम.

पहिल्या बाकावर सरपंच सुवोंदो बसले होते. ठेवणीतला बाटिक शर्ट घालून, दोन माणसं बरोबर घेऊन ते मुद्दाम योग्यकर्त्याच्या विद्यापीठात आले होते. फोटोत सगळ्यांत पुढे भाला धरून उभे होते ते त्यांचे वडील. त्यांनीच पुढे सरपंच झाल्यावर फोटोखाली ती ओळ लिहून घेतली होती. आता येत्या ऑगस्टात वेशीवर त्याच फोटोचं सिमेंटचं शिल्प उभं राहायचं होतं. म्हणजे सार्किम येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत कायमचे गुडघे टेकून बसणार. शाळेत असल्यापासून वेनिंगला 'काळ्या डचाची नात' अशी हाक पडायची. काळा डच म्हणजे गोऱ्यांची बंदूक वाहणारा आपलाच माणूस. ते शिल्प होऊ द्यायचं नाही, असा तिने पणच केला होता.

प्राध्यापिका बू रेत्नो यांनी वर्षभर एकच धडा घोटून घेतला होता. कागद असो, फोटो असो की म्हाताऱ्याची आठवण, आधी विचारा, हे कुणी केलं, कधी केलं आणि त्यात कुणाचं भलं झालं. घरच्या माणसाची साक्ष जपून घ्या, असंही त्या बजावत. वेनिंगने ते इतकं मनावर घेतलं की वडिलांना तिने चकार शब्द विचारला नाही.

वडील, न्गादिमान, टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या करून विकत. तिने प्रबंधाला हा विषय घेतल्याचं कळल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "राहू दे ना, पोरी. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" तिला त्या भित्रेपणाचा संताप आला. तुम्ही मान खाली घालून जगलात, मी नाही जगणार, असं तोंडावर सुनावून ती निघून आली. ते केळीच्या पानात बांधलेल्या सोयाबीनच्या पुड्यांना ऊब राहावी म्हणून त्यांच्यावर जुनं जाड कापड पसरत राहिले. कापडाच्या एका टोकाला पितळी बटण लोंबत होतं.

"क्रुपुक कशावरून?" बू रेत्नोंनी विचारलं.

"दोरीला टांगलेले क्रुपुक हात न लावता खायची शर्यत स्वातंत्र्यदिनाला असते, ऑगस्टात. मार्चमध्ये लढाई पेटलेली असताना कोण तळत बसेल? हा फोटो लढाईनंतरच्या मिरवणुकीचा आहे. मिरवणुकीत कुणाला तरी डच व्हावंच लागतं. माझ्या आजोबांनी सोंग घेतलं, आणि गावाने ते त्यांच्या माथी मारलं."

सरपंच उठले. "म्हणजे माझे वडीलही सोंगाडे?"

वेनिंग याच प्रश्नाची वाट पाहत होती. त्या मिरवणुकीतल्या एकट्या म्बाह दार्मी आता हयात होत्या. तिने त्यांचा आवाज ऐकवला. दात नसलेली म्हातारी हसत हसत सांगत होती, "मिरवणुकीच्या समितीने कुणाला चिंधीसुद्धा दिली नाही बाई. ज्याच्या घरात जे होतं ते घालून आला. सुवोंदोचा बाप तर लग्नातला सदरा घालून आला होता."

मग पडद्यावर दुसरा फोटो आला. सरपंचांच्याच बैठकीत टांगलेला, त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा. तीच कॉलर, खिशावर तीच वेलबुट्टी. आणि लग्न झालं होतं एकावन्न साली.

सरपंच तिच्याकडे वळले. "पोरी, गावात राहायचंय ना तुला?"

"राहायचंय. म्हणून तर बोलतेय."

ते खाली बसले. बू रेत्नोंनी काम पक्कं असल्याचा निर्वाळा दिला. जाताना फक्त म्हणाल्या, "साक्षीदाराचं म्हणणं आपल्याला हवं तेवढंच घेऊ नये हं." वेनिंग आनंदात होती, तिने नुसती मान डोलावली.

शिल्पाचं काम थांबलं. पंचायतीच्या भिंतीवरून फोटो उतरला, आणि घेऊन जा तुझं सोंग, असं म्हणत सरपंचांनी तो तिच्या हातात कोंबला. तिने त्यावर फडकंही टाकलं नाही. मागची वाट होती, तरी भर बाजारातून, फोटो छातीशी धरून ती घरी गेली. 'काळ्या डचाची नात' अशी हाक कुणी मारली नाही.

वडील टेंपेच्या पुड्या रचत होते. तिने फोटो भिंतीला टेकवून ठेवला.

"बाबा, आजोबा सुटले."

त्यांनी हात पुसले. जवळ येऊन काचेवरून बोटं फिरवली आणि बराच वेळ ते बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते पुन्हा कामाकडे वळले आणि पुड्यांवर जाड कापड पसरू लागले. कापडावर तिकोनी ठिगळ होतं. वेनिंगची नजर फोटोकडे गेली. गुडघे टेकलेल्या माणसाच्या खांद्यावरही तसंच तिकोनी ठिगळ होतं.

"बाबा, हे कापड कुठलं?" तिने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"तुझ्या आजोबांचा कोट," ते कडा नीट खोचत म्हणाले. "डचांच्या पलटणीतून परत आले, तेव्हा हाच अंगावर होता."