चौथा आकडा

दुकानाच्या पावत्यांची सरकारी सोडत निघाली, तेव्हा ताइपेच्या ऑफिसात मॅनेजर लिआवनं पावतीचे शेवटचे तीनच आकडे जुळवले. “दोनशे डॉलर! पार्किंगचेसुद्धा निघत नाहीत. घ्या मावशी, मजा करा!” बोळा करून त्यानं पावती झाडणाऱ्या सिउकिमपुढं फेकली. जितके जास्त आकडे जुळतील, तितकं बक्षीस मोठं; पण दोनशे ज्याला कचरा, तो शेवटून चौथा आकडा कशाला बघेल? सिउकिमला दोनशे म्हणजे आठवड्याचे तांदूळ. तिनं बोळा सरळ केला, सगळेच आकडे तपासले. चौथा जुळला. पाचवा जुळला. अगबाई, सहावाही! दहा हजार! कवळीचे दंतवैद्यानं एवढेच सांगितले होते, आणि दोन वर्षं ती नुसत्या पेजेवर होती. “दोनशेत एवढं काय हरखलात, मावशी? काय घेणार?” “पेरू खाणार. कडक, कच्चा!” “अहो, पण तोंडात दात कुठायत?” पावती मुठीत आवळून ती बोळकं पसरून हसली. “येतायत, साहेब!”