पान्हा

“केसर, म्हैस पान्हा चोरायला लागली की समज, भुईच्या पोटात कळ उठलीय,” धार काढताना आई म्हणायची.

आता ती कळ चंद्री म्हशीच्या गळ्यातल्या, भूकंपाची चाहूल घेणाऱ्या यंत्राच्या पट्ट्याला आधी कळायची आणि गावभर भोंगा वाजायचा. पण तीनदा तो उगाच वाजला, तेव्हा शेजारचा भागाजी हसला होता, “वहिनी, तुमची चंद्री शिंकली तरी आम्ही रानात पळायचं काय?”

आज दुपारी भोंगा वाजलाच नाही, आणि भूकंपात त्याचं घर कोसळलं. ढिगाऱ्याखालून बायको निघाली, ती गार होऊनच. भागाजीनं चंद्रीवर काठी उगारली. “मुकी राहिलीस गं, वैरिणी!”

केसर आडवी आली. “तिला मारू नका, भाऊजी. सकाळीच पान्हा चोरला होता तिनं. तुम्ही पुन्हा हसाल म्हणून पट्टा मीच काढून ठेवला.”