आक्कांचं बेंगलोर

बस उचगावच्या पुलाशी आली आणि रुचितानं जिनेंद्रचं मनगट धरलं. तिचा तळहात ओला होता, बोटं गार. बाहेर सकाळचं कोवळं ऊन पडलेलं, आणि हिच्या छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालेलं.

"उतरायचं?" त्यानं विचारलं.

तिनं नुसती मान हलवली.

कंडक्टरनं बॅग खाली दिली आणि दारातनं वाकून ओरडला, "पावणं, बेंगलोर अजून सहाशे किलोमीटर हाय!" आतली चार माणसं हसली. बस गेली.

पुलाखालच्या टपरीवर पाणी पिऊन, दहा मिनिटं बसून श्वास जागेवर आला. श्वासामागनं रडू आलं. लेकीच्या, आदितीच्या जन्मापासून तीन वर्षं हे असंच चाललं होतं. लिफ्टमध्ये, बाजारात, एकदा तर चुलत दिराच्या हळदीत. औषधानं पुष्कळ उतार पडला होता. या प्रवासाची तयारी ती दोन महिने करत होती. आणि किती गेली? गावातल्या स्टँडपासून पाच किलोमीटर.

"घरी नको," ती म्हणाली. "आक्कांना काय तोंड दाखवू?"

आक्का म्हणजे तिच्या सासूबाई. नणंद अनुजा निदान तोंडावर म्हणायची, "मनाचे खेळ गं सगळे." आक्का काहीच म्हणायच्या नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. रुचिता गर्दीतून उठून आली की मुकाट्यानं आदितीला उचलून घ्यायच्या आणि आतल्या खोलीत जायच्या. ते गप्प राहणं रुचिताला जास्त लागायचं.

शिवाय बेंगलोर ही आक्कांचीच टूम. त्यांचं बेंगलोर घरात प्रसिद्ध होतं. घर अजून खेड्यात, बिद्रीला होतं तेव्हाची गोष्ट. लग्नाला वर्ष झालं आणि सासरे त्यांना चार दिवस बेंगलोरला घेऊन गेले. लॉजच्या खिडकीतून तळं दिसायचं. तळ्यापलीकडं एक मनोरा. दिवस बुडाल्यावर जेवायचं नाही हा जैनाघरचा नेम, म्हणून दोघं खिडकीत बसून सूर्याकडं बघत जेवायचे. सूर्य मनोऱ्याला टेकला की शेवटचा घास.

"म्हणजे आपला रंकाळाच की," जिनेंद्र चिडवायचा.

"जा रं! रंकाळा काय त्याच्यापुढं!"

निघतानाही दशम्यांचा डबा हातात देत आक्का एवढंच म्हणाल्या होत्या, "खिडकीची खोली घ्या. आणि दिवस बुडायच्या आत जेवा."

जिनेंद्रनं रिक्षा थांबवली. घरचा पत्ता सांगितला नाही. रंकाळ्यासमोरच्या एका जुन्या लॉजशी उतरला आणि काउंटरवर आधार कार्ड ठेवलं. मॅनेजरनं कार्ड बघितलं, मग त्याला.

"पावणं, तुमचं घर तर इथंच शाहूपुरीत हाय."

"रंग चाललाय घरात."

"दोन दिवस?"

"मोठं हाय घर."

जिन्यात रुचिताला हसू फुटलं. "लग्नाला सहा वर्षं झाली आणि मला पळवून आणलंत. तेही रिक्षातनं!"

"सहाशे किलोमीटरचं डिझेल वाचलं बघ," तो म्हणाला.

त्या दिवशी घरी मेसेज गेला, बसमध्ये रेंज नाही. दुसऱ्या दिवशी दोघं तोंडाला स्कार्फ गुंडाळून बाहेर पडली. तळ्याच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं दूध प्याली. ओठावर आलेली फेसाची मिशी तिनं पुसली नाही. तिथनं चालत महाद्वार रोडला गेली. ऐन गर्दीत तिची पावलं एकदा थबकली. जिनेंद्र शेजारी उभा राहिला. लोक दोन्ही बाजूंनी वाहत राहिले. मग तीच म्हणाली, "चला." लॉजवर आल्यावर तिच्या लक्षात आलं, चार तास ती बाहेर होती.

संध्याकाळी खिडकीपाशी डबा उघडला. दशम्या अजून मऊ होत्या. तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला. ठरल्याप्रमाणे रुचिता पाठीमागं भिंत येईल अशी बसली. काय बोलायचं ते पाठ होतं. हवा गार आहे. ट्रॅफिक फार आहे.

"आई, बेंगलोल दाखव!" आदिती ओरडली. तिच्यामागं आक्कांचा चेहरा होता, चष्मा नाकावर घसरलेला.

रुचितानं जिनेंद्रकडं पाहिलं. त्यानं हळूच मान हलवली, नको. पण त्या दोन भाबड्या तोंडांना भिंत दाखवत बसणं तिला जमेना. भीती तर कालच येऊन गेली होती. आता आणखी काय होणार होतं?

"आक्का, मी उचगावच्या पुढं जाऊ शकले नाही," ती म्हणाली आणि फोन खिडकीकडं फिरवला.

समोर रंकाळा सोन्यासारखा पसरला होता. पलीकडं शालिनी पॅलेसचा घड्याळाचा मनोरा, आणि सूर्य त्याला टेकायला आलेला.

रेंज गेली असं वाटून रुचितानं फोन वळवला. आक्का पडद्याच्या अगदी जवळ आल्या होत्या. डोळे भरलेले.

"कितव्या मजल्यावर हाय गं खोली?"

"दुसऱ्या."

"तिसऱ्यावरची मागायची की. आम्ही तीच घेतलती." आक्कांनी पदरानं चष्मा पुसला. "आता गप जेवा, दिवस बुडतोय. आणि पुढल्या साली निपाणीपतोर जावा. मलाबी उचगावच्या पुढं जाववत नव्हतं; आम्हास्नी तरी खरं बेंगलोर कुठं, चौथ्या साली घावलं."