उसवलेला झगा

बहात्तरच्या दुष्काळात मंठ्याला गरिबांच्या लेकरांना शाळेचे गणवेश वाटत होते. सत्यशीलाने लेकीचा फाटका झगा सकाळीच बारीक टाके घालून शिवला आणि तिला रांगेत उभं केलं.

गुरुजींनी पोरीला बाजूला काढलं. “हिचे कपडे तर चांगले आहेत. खऱ्या गरजूंना येऊ द्या.”

“गुरुजी, एवढा एकच झगा हाय तिला. शिवलाय म्हणून बरा दिसून राह्यला.”

“चला, पुढचा कोण?”

सत्यशीला लेकीला भिंतीमागं घेऊन गेली. दोघी परतल्या तेव्हा झगा खांद्यापासून कमरेपर्यंत उसवलेला होता.

या वेळी गणवेश मिळाला. देणाऱ्या बाई मात्र हळहळल्या, “काय गं हे! तुझ्या आईला साधी सुई धरता येत नाही का?”

सत्यशीलाने तोंड उघडलं नाही. दातांत अजून दोरा होता.