चौदाव्या मजल्यासाठी कौल

पाचव्यांदाही पूर्वज हसले.

लाकडाच्या दोन चंद्रकोरी फरशीवर आपटल्या आणि सपाट बाजू वर करून डुलत राहिल्या. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर होकार. दोन्ही फुगीर, तर नकार. दोन्ही सपाट पडल्या, तर पूर्वज नुसते हसले असं समजायचं आणि पुन्हा विचारायचं. होकारही एक नाही, सलग तीन लागतात. ताइनानमध्ये दुकान विकायचं तर देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या आधी हलवाव्या लागतात, आणि कौलाशिवाय त्यांना हात लावायची कुणाची छाती होत नाही.

"हसायला काय झालं?" दुकानमालक खांगकाकांचा मुलगा वेनतो वैतागला. तो वडिलांना आणि पूर्वजांना एकाच खेपेत ताइपेला न्यायला आला होता. "पूर्वजहो, माझ्या चौदाव्या मजल्यावरच्या घरी आनंदाने येणार ना? बाबा, टाका परत. आणि लिफ्ट आहे म्हणावं!"

शहाऐंशी वर्षांच्या खांगकाकांनी चंद्रकोरी छातीशी धरल्या, लिफ्टचंही सांगितलं आणि टाकल्या.

सहाव्यांदा हसले.

दारात जमलेली आमची गल्ली फिदीफिदी हसत होती. ल्येनश्यांगचा जीव मात्र टांगणीला लागला होता. याच दुकानाच्या पडवीत ती एकोणीस वर्षं बदामाचा गरम चहा विकत होती. नावाला चहा, त्यात पत्तीचा पत्ता नाही. ती आली तेव्हा या गल्लीत कुत्रंही फिरकत नसे. मग नगरपालिकेने जुन्या विटा धुतल्या, कंदील टांगले, आणि आता शनिवारी पाय ठेवायला जागा मिळत नाही. खांगकाकांचा शब्द होता: आज दुपारी बाराच्या आत कौल लागून सह्या झाल्या, तर दुकान तुझं. बारा वाजून गेले की वेनतो एका कॉफीवाल्या कंपनीला देणार होता. ते दीडपट मोजायला तयार होते, आणि पडवी रिकामी हवी हे त्यांनी आधीच कळवून टाकलं होतं. ल्येनश्यांगच्या नवऱ्याने, आखुनने, या दुकानापायी आपली मासेमारीची होडी विकली होती.

"त्यांना जागा पसंत नाही की भाव?" तो तिच्या कानाशी कुजबुजला.

"गप बसा हो. मेलेल्यांना भावाचं काय?"

विक्रीचे कागद घेऊन आलेल्या दलालाने घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

ल्येनश्यांग पुढे झाली आणि देव्हाऱ्यासमोर धपकन गुडघ्यांवर बसली. "काका, एकदा मी विचारू?"

खांगकाकांनी मान डोलावली.

"पूर्वजहो, मी ल्येनश्यांग. राहणार तुमच्याच पडवीत, म्हटलं तरी चालेल. दुकान मी घेते. तुम्ही कुठे जाऊ नका, आहात तिथेच बसा. रोजची उदबत्ती आणि पहिला पेला तुमचा. चालेल ना?"

"परक्याच्या घरात आमचे पूर्वज?" वेनतो ओरडला. "अहो, लोक हसतील!"

"पूर्वज मघापासून हसतायत, तिथे लोकांचं काय घेऊन बसलात!" ल्येनश्यांग म्हणाली. "काका, टाका."

एक सपाट, एक फुगीर. गल्ली एक पाऊल आत सरकली.

पुन्हा एक सपाट, एक फुगीर. दलालाने पेनाचं टोपण काढलं.

तिसऱ्यांदा एक चंद्रकोर सपाट पडली आणि दुसरी गिरक्या घेत थेट देव्हाऱ्याखाली गेली. तिला हात लावायचा नाही, नाहीतर कौल मोडतो. मग काय, सगळेच पोटावर आडवे झाले. आखुन, दलाल, समोरची शिंपीण, पूर्वजांवर रुसलेला वेनतोसुद्धा. आखुनने मोबाइलचा उजेड पाडला.

"फुगीर!" तो किंचाळला. "फुगीर आहे, फुगीर!" उठताना त्याचं डोकं देव्हाऱ्यावर आपटलं, तरी तो ओरडतच राहिला.

गल्लीने एकच गलका केला. ल्येनश्यांग हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. तिने शिंपिणीला मिठी मारली, मग दलालाला मारली, आणि शेवटी आठवण झाल्यावर नवऱ्याला. बाराला चार मिनिटं असताना सह्या झाल्या. कुणीतरी फटाक्यांची माळ आणायला धावलं. इतक्या आनंदात वेनतोलाही हसू फुटलं.

"बरं, पूर्वज नाहीत तर नाहीत," तो कपडे झटकत म्हणाला. "बाबा, तुम्ही तरी चला. एकची गाडी आहे."

खांगकाका खुर्चीत बसले होते. त्यांनी वाकून एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही नीट खुर्चीखाली सरकवले.

"पूर्वजांनी इथेच राहायचं ठरलं ना?" त्यांनी विचारलं.

"ठरलं की. तुमच्याच हातून तीनदा कौल पडला."

"मग मी शहाऐंशीचा. आज ना उद्या याच देव्हाऱ्यात यायचंय," खांगकाका म्हणाले. "मधल्या चार दिवसांसाठी ताइपेला कशाला हेलपाटा घालू?"