अदृश्यानंदांना पत्र

“एवढं पाकीट अदृश्यानंदांच्या हाती पडेल असं बघा,” सासूबाई म्हणाल्या.

जावयाने ते डब्याच्या पिशवीत सरकवलं. तो अदृश्यानंदांची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनात प्रुफं तपासायचा, एवढंच घरी ठाऊक होतं. ‘मृत्यूनंतरचा पत्ता’ या पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या खपवणारे अदृश्यानंद आपणच, हे बायकोलाही सांगायचं राहून गेलं होतं. आता तीच त्या पत्त्यावर गेली होती. चार महिने झाले.

तेव्हापासून घरात तो आणि सासूबाई दोघंच. त्याच्या तोंडात दोनच शब्द उरले होते, ‘हो’ आणि ‘नको’. डबा अर्धा परत यायचा. रडणंही राहूनच गेलं होतं. लेखन तेवढं बिनबोभाट चालू होतं. हात लिहायचा, तो नुसता शेजारी बसायचा.

“लोक मरायचे थांबत नाहीत, तुम्ही लिहायचे थांबू नका,” प्रकाशक म्हणायचे.

कचेरीत त्याने पाकीट फोडलं. ‘माझी मुलगी तिकडे बरी आहे ना?’ बस. नाव नाही, गाव नाही.

म्हातारीला अदृश्यानंदांचाच काय तो आधार होता. उत्तर दिलं नाही तर तो तुटणार. बिंग फुटलं तर तोही तुटणार आणि जावईही.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्याने डाव्या हाताने लिहिलं, ‘मजेत आहे. गुडघा आता दुखत नाही. जिने धावत चढते.’ शहाणपणाने तीन दिवस थांबून मग ते घरी नेलं.

सासूबाईंनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“गुडघा दुखायचा तिचा?”

“हो.”

“मला कधी बोलली नाही हो. आईला घोर नको म्हणून लपवलं असणार.”

तो दचकायला हवा होता. दचकला नाही.

“मी तर पत्रात गुडघ्याचा ग काढला नव्हता,” त्या म्हणाल्या. “अंतर्ज्ञानी पुरुष! बसल्या जागी सगळं कळतं. खरं ना?”

“हो.”

सुटलो, एवढंच त्याला वाटलं.

सकाळी डब्याशेजारी दुसरं पाकीट तयार होतं.

“आभार मानलेत. त्यांच्याच हातात द्या,” सासूबाई म्हणाल्या. “आणि आज डबा संपवा.”

कचेरीत त्याने तेही फोडलं.

‘जावईबापू, मुलीची खुशाली कळली. आता तुमची लिहा.’