दोरीवरचा टॉवेल

लेकीची, इराची, अमेरिकेतली कॉलेजची बास्केटबॉल टीम स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हरता हरता जिंकली, तेव्हा विभावरी न्यूझीलंडमध्ये, रोटोटुनातल्या घरामागे टॉवेल वाळत घालत होती. तेव्हापासून मॅच लागली की ती बघायला येणारी शेजारची सुरुचीसुद्धा तिला अंगणात पिटाळायची. "वहिनी, जागा सोडायची नाही!" तिसऱ्या फेरीतही ती कोरडाच टॉवेल काढून पुन्हा वाळत घालत होती. इतक्यात नवरा दारात आला. "विभा, आत ये! इराला कोर्टवर उतरवलंय. सीझनमध्ये पहिल्यांदा!" ती निघाली आणि थबकली. "स्कोअर?" "एका पॉइंटने मागे. हरले तर हरले, तू ये." "वर्षभर बेंचवर बसली, ती हरायला? इथूनच सांग." तो टीव्हीकडे बघत सांगू लागला. "इराकडे बॉल... वळली... मारला..." आतून सुरुची किंचाळली, "बास्केट!" विभावरीने टॉवेलला डोळे पुसले, तो पुन्हा दोरीवर घातला. "किती सेकंद उरलेत?"